वाचकांचे प्रश्न : लांब साखळ्यांचे भौतिकशास्त्र

या अंकासाठी पॉलिमर भौतिकशास्त्र आणि त्यातले करिअर या विषयावर नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही कारखान्यातले, एक द्राक्षबागेतला. उत्तरे या क्षेत्रात काम करणाऱ्या तज्ज्ञांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पॉलिमर भौतिकशास्त्रज्ञ दिवसभर करतो तरी काय? तिथवर पोचायचा रस्ता कोणता, आणि आत्तापासून काय करून ठेवू?
— विद्यार्थिनी, गंगापूर रोड

पॉलिमर म्हणजे लांब साखळीसारखा रेणू. रसायनशास्त्रज्ञ ही साखळी बनवतो. बनलेली साखळी वागते कशी, हा भौतिकशास्त्रज्ञाचा प्रश्न. पॉलिथिन असो, रबर असो की डीएनए, हजारो दुवे एकामागे एक जोडले गेले की बरेचसे गुण दुवा कशाचा आहे यापेक्षा साखळी किती लांब आहे यावर ठरू लागतात. साखळ्या एकमेकींत गुंतण्याइतक्या लांब झाल्या की वितळलेल्या प्लास्टिकची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहायला होणारा विरोध, रेणुभाराच्या (म्हणजेच साखळीच्या लांबीच्या) ३.४ व्या घाताने वाढते. म्हणजे साखळी दुप्पट लांब केली की व्हिस्कॉसिटी साडेदहा पट! हा नियम पॉलिथिनलाही लागू आणि पॉलिस्टायरीनलाही. दुसरी गोष्ट वेळेची. ओढलेली, वाकवलेली साखळी पुन्हा सैल व्हायला वेळ लागतो, आणि हा वेळ मिलिसेकंदापासून महिन्यांपर्यंत कितीही असू शकतो. प्लास्टिकचे निम्मे कोडे या वेळेतच दडलेले असते. पुढच्या उत्तरांमध्येही ते दिसेल.

आता दिवसभराचे काम. रिओमीटरवर २५ मिमी व्यासाच्या दोन तबकड्यांमध्ये वितळलेला नमुना धरायचा, मधले अंतर साधारण १ मिमी ठेवायचे आणि वरची तबकडी हळू ते जलद अशा वेगवेगळ्या गतीने मागेपुढे हलवून नमुना किती विरोध करतो ते मोजायचे. यंत्र आकडे देतेच, पण ते खरे की खोटे हे हाताच्या कामावर ठरते. समांतर तबकड्यांच्या गणितात त्रिज्या चौथ्या घाताने येते. नमुना कडेपासून पाव मिलिमीटर आत राहिला तर १२.५ मिमीच्या त्रिज्येत २ टक्के कमी पडले आणि उत्तरात ८ टक्के चूक शिरली. म्हणून तबकडी शेवटच्या जागी आणण्याआधी अंतर किंचित जास्त ठेवून कडेला आलेला जादा माल पितळी पट्टीने साफ कापतात आणि मगच शेवटचे अंतर घेतात. नमुन्यात बुडबुडा राहिला किंवा नायट्रोजन सोडायचा विसरला आणि हवेत साखळ्या तुटू लागल्या, तर सगळा दिवस वाया जातो. याखेरीज उष्णतेचे मापन, क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांचे लहान कोनातले विकिरण (ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनची ही सोय आहे) आणि संगणकावरची सिम्युलेशन हीही नेहमीची कामे.

रस्ता असा. बी.एस्सी.नंतर आयआयटी किंवा आयआयएससीत एम.एस्सी. करायची असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा. पुणे विद्यापीठातून एम.एस्सी. केलीत तरी काही बिघडत नाही, फक्त स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हा विषय परीक्षेपुरता न शिकता जिवाभावाने शिका. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा गेट. गेटमध्ये भौतिकशास्त्राचा पेपर आहेच. शिवाय अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात पॉलिमरचा स्वतंत्र विभाग निवडता येतो. पीएच.डी.साठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, नाशिककरांना सगळ्यांत सोयीची. मुंबईत आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि आयआयटी आहेत. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत मऊ पदार्थांच्या भौतिकशास्त्राची जुनी परंपरा आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता.

आत्तापासून करण्याजोगे काम एकच सांगतो, पण ते नीट करा. लॅपटॉपवर पायथॉनमध्ये चौकटीच्या जाळ्यावर साखळी चालवा. आधी स्वतःला छेदायची मुभा असलेली : २०, ४०, ८०, १६० पावले, प्रत्येकीच्या दहा हजार साखळ्या, आणि दोन टोकांमधल्या अंतराच्या वर्गाची सरासरी. पावले दुप्पट केली की ही सरासरीही दुप्पट होते. आता एका जागी दोनदा पाऊल पडता कामा नये ही अट घाला. सपाट जाळ्यावर दुपटीला २.८३ पट वाढ दिसली पाहिजे, कारण इथे अंतर पावलांच्या ३/४ व्या घाताने वाढते, म्हणजे त्याचा वर्ग ३/२ व्या घाताने. पाऊलपाऊल टाकत अशी साखळी वाढवायला गेलात तर ५० पावलांपर्यंत शंभरात एखादीच तग धरेल, तीही मुश्किलीने. म्हणून पिव्हट पद्धत वापरा : अखंड साखळी घ्या, मधला एखादा सांधा निवडून पुढचा भाग ९०, १८० किंवा २७० अंशांत फिरवा, छेद गेला तर बदल रद्द करा. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात. बदल रद्द झाला की ती फेरी मोजतच नाहीत. रद्द झाल्यावर जुनीच साखळी सरासरीत पुन्हा धरायची असते, नाहीतर घातांक चुकीचा येतो. सुरुवातीच्या सरळ साखळीचा प्रभाव जाईपर्यंतच्या फेऱ्याही सोडून द्या. मुलाखतीत हा आलेख पुढे ठेवलात की पुढचे प्रश्न त्यावरच येतील, आणि त्यांची उत्तरे तुमच्याकडे असतील.

प्रश्न : मुलीला या विषयात जायचे आहे. नोकरीच्या जाहिरातीत ‘पॉलिमर भौतिकशास्त्रज्ञ’ असे पद कधी पाहिले नाही. पुढे काय?
— पालक, सिडको

तुमचे निरीक्षण बरोबर आहे, या नावाने जागा क्वचितच निघते. जाहिरात मटेरियल, रिऑलॉजी (पदार्थ कसा वाहतो याचे शास्त्र), उत्पादन विकास, मोल्ड-फ्लो सिम्युलेशन किंवा फेल्युअर अ‍ॅनालिसिस या नावांनी शोधावी. वाहनांचे सुटे भाग, केबल, टायर, पॅकेजिंग, ठिबक, औषधांच्या गोळ्यांवरचे लेप, इतक्या ठिकाणी हे काम लागते. फक्त एम.एस्सी.वर थांबायचे असेल तर एखाद्या कारखान्याच्या चाचणी विभागात सहा महिने काढल्याशिवाय अर्ज करू नये; उपकरण हाताळलेला माणूस आधी घेतला जातो. पाया भौतिकशास्त्राचाच हवा असेही नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईच्या यूडीसीटीत (आजची आयसीटी) रसायन अभियांत्रिकी शिकले, पॉलिमरच्या प्रवाहावर आणि जेलवर काम केले आणि १९८९ मध्ये एनसीएलचे संचालक झाले.

प्रश्न : आमच्याकडे नायलॉन ६ ची क्लिप मोल्ड होते. एप्रिल-मेमध्ये असेंब्लीत बसवताना तडातड तुटतात, पावसाळ्यात तोच डाय, तेच मशीन, तोच माल, आणि तक्रार नाही. मालक म्हणतात दाणा खराब. ओलावा वाईट असे आम्हाला शिकवले आहे, मग पावसाळ्यात माल चांगला कसा?
— मोल्डिंग सुपरवायझर, अंबड

ओलावा दाण्यात वाईट आणि तयार क्लिपमध्ये चांगला. दोन्ही खरे आहे.

आधी दाण्याचे, म्हणजे कच्च्या मालाचे. बॅरलमध्ये २४०-२६० अंशांना पाणी नायलॉनच्या साखळ्या तोडते. म्हणून दाणा ८० अंशांवर चार-सहा तास, ओलावा ०.२ टक्क्याच्या खाली येईपर्यंत वाळवायचा. साधा हॉट-एअर हॉपर पावसाळ्यात कामाचा नाही, कारण तो बाहेरचीच दमट हवा तापवून आत फुंकतो. डीह्युमिडिफायिंग ड्रायर लागतो. वाळवण घाईत उरकण्यासाठी तापमान शंभरच्या वर नेऊ नका, दाणा पिवळा पडतो. साखळी तुटण्याचे नुकसान किती मोठे असते पाहा : सरासरी लांबी २० टक्क्यांनी घटली तर व्हिस्कॉसिटी निम्म्याहूनही खाली येते. नोझलमधून माल गळू लागतो, भागावर चंदेरी रेघा येतात.

आता तयार क्लिप. डायमधून पडलेली क्लिप जवळजवळ कोरडी असते. कोरड्या नायलॉन ६ मध्ये साखळ्यांची हालचाल ५०-६० अंशांच्या खाली गोठलेली असते. पाण्याचे रेणू आत शिरले की ते साखळ्यांमधली बंधने सैल करतात आणि हा उंबरठा खोलीच्या तापमानाच्या आसपास किंवा त्याखाली येतो. तीच क्लिप मग वाकते, तुटत नाही. ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत नायलॉन ६ अडीच ते तीन टक्के पाणी धरते. पावसाळ्यात पेट्या गोदामात पडून असतानाच हे काम आपोआप होते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्याठाक दुपारी ते होत नाही. भरीला माल मोल्ड झाल्या झाल्या असेंब्लीला गेला असेल तर विचारायलाच नको. क्लिप एका झटक्यात दाबली तर साखळ्यांना सरकायला वेळच मिळत नाही. तीच सावकाश बसवली तर पुष्कळदा वाचते. हे आज लाइनवर करून पाहता येईल.

उपाय. मोल्ड झालेल्या २० क्लिप लगेच ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. ७०-८० अंशांच्या पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने काढून कोरड्या फडक्याने पुसून तोला. वजन अडीच टक्क्यांनी वाढले की थांबा. तो वेळ त्या क्लिपसाठी पक्का लिहून ठेवा. पाणी आत जायचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणून १.५ मिमीच्या क्लिपचा वेळ ३ मिमीच्या भागाला लावू नका, तिथे तो चौपट होईल. बाहेर काढल्यावर दोन दिवस बंद पिशवीत ठेवा. आधी सगळे पाणी सालीतच असते, ते गाभ्यापर्यंत जाऊ द्या. गरम पाण्याची सोय नसेल तर जाड पॉलिथिनच्या पिशवीत मालाच्या वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी शिंपडून तोंड बांधा आणि तयार माल असेंब्लीच्या आधी काही आठवडे ठेवा. ३० टक्के काच असलेल्या नायलॉनला काच पाणी घेत नाही म्हणून उद्दिष्ट पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. आणि एक गोष्ट डिझाइनवाल्यांना आधी सांगा : दर एक टक्का पाण्यामागे लांबी साधारण ०.२ ते ०.३ टक्के वाढते, गेज त्या हिशेबाने लावायला हवे.

मालकांचा संशय खरा आहे का, तेही तपासा. तुटणाऱ्या लॉटमधल्या क्लिप वरच्या पद्धतीने भिजवा. भिजवल्यावर तुटणे थांबले तर दाणा निर्दोष. तरीही तुटत असतील तर साखळ्या तुटल्या असतील, नाहीतर आतला कोपरा धारदार असेल. मुळाशी किमान अर्धा मिलिमीटर गोलाई आहे का ते डायमध्ये बघा. ती नसेल तर कितीही भिजवून उपयोग नाही.

प्रश्न : नववीच्या वर्गाला या शास्त्राची ओळख करून द्यायची आहे. एखादा प्रयोग आणि दोन-तीन शास्त्रज्ञांची माहिती द्याल का?
— विज्ञान शिक्षिका, नाशिक रोड

प्रयोग रबर बँडचा घ्या. रुंद रबर बँड खिळ्याला अडकवा, खाली पाण्याची लहान बाटली टांगा आणि बँड मूळ लांबीच्या अडीच-तीन पट ताणला जाईल इतके पाणी भरा. मागे मोजपट्टी, बाटलीला सुईचा काटा. मग पंधरा मिनिटे हात लावू नका, कारण ताणलेला बँड सुरुवातीला सावकाश लांबतच असतो आणि ते लांबणे मोजमापात मिसळते. काटा स्थिरावला की हेअर ड्रायरची गरम हवा बँडवर वरखाली फिरवा. बाटली काही मिलिमीटर वर चढेल. तापवले की वस्तू लांबते असे पाठ असलेली मुले इथे चमकतात.

फसण्याच्या जागा दोन. हवेचा झोत बाटलीला लागला तर ती हलते, मध्ये पुठ्ठा धरा. बँड फार कमी ताणलेला असेल, साधारण १० टक्क्यांच्या आत, तर तो गरम केल्यावर खरोखरच लांबतो आणि प्रयोग उलटा पडतो. कारण असे : ताणलेल्या साखळीला सरळ राहण्याचा एखादाच मार्ग असतो, वेडीवाकडी होण्याचे असंख्य. ती मागे ओढते ती या असंख्यपणाकडे, आणि ही ओढ निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेलो म्हणजे ३०० केल्विनचे ३३० झाले. ओढ दहा टक्क्यांनी वाढली. अगदी कमी ताणावर मात्र साधे उष्णतेचे प्रसरण या ओढीवर मात करते. बँड झटकन ताणून ओठांना लावला तर कोमट लागतो. अंध निसर्ग-अभ्यासक जॉन गफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रबर असेच ओठांनी तपासले होते. मुलांना हे जरूर सांगा.

शास्त्रज्ञांपैकी दोघे पुरेत, पण त्यांच्या वाटा शेजारी शेजारी ठेवा. पॉल फ्लोरी (१९१०-१९८५) १९३४ मध्ये पीएच.डी. होऊन थेट ड्यूपॉन्ट कंपनीत गेले, नायलॉन शोधणाऱ्या कॅरदर्स यांच्या गटात. पुढे एसो, गुडइयर असे कारखान्यांतले काम. १९४८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठ. साखळी स्वतःच्याच जागेत घुसू शकत नाही म्हणून किती फुगते, हा हिशेब त्यांनी तिथे मांडला. त्रिमितीत त्यांना घातांक ३/५ मिळाला. आजचा अचूक आकडा ०.५८८. त्या हिशेबात दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना जवळजवळ छाटत होत्या, हे नंतर उमगले. तरी तो विचार आजही शिकवला जातो, आणि शिकवलाच पाहिजे. १९५३ चे त्यांचे पाठ्यपुस्तक पिढ्यांनी वापरले. १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांचे.

पिएर-जिल द जेन (१९३२-२००७) यांची वाट उलट्या बाजूने आली. आधी चुंबकत्व, मग अतिवाहक, मग द्रव-स्फटिक, आणि १९७१ मध्ये साखळ्यांच्या गुंत्यावरचा तो निबंध : गुंत्यातली साखळी आडवी सरकू शकत नाही, ती बिळातल्या सापासारखी स्वतःच्या लांबीच्या दिशेनेच पुढे जाते. या चित्रातून व्हिस्कॉसिटीचा घात ३ येतो. मोजमाप ३.४ म्हणते. मधला फरक साखळीची टोके सतत आतबाहेर होत असल्याने पडतो, हे नंतर मासाओ दोई यांनी दाखवले. द जेन यांना १९९१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतर ते फ्रान्समधल्या कितीतरी शाळांमध्ये जाऊन मुलांशी बोलत राहिले. एकाच साखळीच्या अभ्यासाला एकदा रसायनशास्त्राचे आणि एकदा भौतिकशास्त्राचे नोबेल, हे फळ्यावर लिहून मुलांना विचार करू द्या.

प्रश्न : द्राक्षबागेवरचे प्लास्टिकचे आच्छादन तारेला जिथे टेकते तिथेच आधी फाटते. गंधकाच्या फवारणीने ते लवकर जाते असे शेजारी सांगतात. खरे आहे का?
— द्राक्ष बागायतदार, निफाड

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उन्हातले अतिनील किरण साखळ्या तोडतात. ते रोखायला फिल्ममध्ये ‘हाल्स’ नावाचे स्थिरक घातलेले असतात. हे स्थिरक क्षारधर्मी. भुरीसाठी मारलेले गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधे यांतून आम्ल तयार होते आणि ते स्थिरकाला निकामी करते. बोर्डो मिश्रणातले तांबेही ऑक्सिडेशनला वेग देते. फवारणी तर थांबवता येणार नाही. तेव्हा आच्छादन गुंडाळलेले असताना धुरळणी करा, उघडे असेल तर फवारा खालून वर सरळ फिल्मवर जाऊ देऊ नका, आणि हंगामानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवूनच गुंडाळा. गंधकाच्या पोत्यांच्या खोलीत रोल ठेवू नका. खरेदीच्या वेळी दुकानदाराला फक्त ‘यूव्ही आहे का’ असे न विचारता गंधक सहन करणारे स्थिरक आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

तारेचे कारण उष्णता. उन्हात तार हवेपेक्षा बरीच तापते आणि तापमान वाढले की साखळ्या तुटण्याचा वेग वाढतो. वर वाऱ्याचे घासणे असतेच. टेकण्याच्या जागी पांढरा पाण्याचा रंग लावा किंवा पांढरी पट्टी गुंडाळा. ऑइलपेंट नको, त्यातला द्रावक फिल्ममध्ये मुरतो.

आच्छादन आणखी एक हंगाम काढेल का, हे घरी तपासता येते. नवा रोल आला की हातभर तुकडा कापून काळ्या पिशवीत, अंधारात ठेवा. हंगामाच्या शेवटी त्या तुकड्यातून आणि बागेतल्या फिल्ममधून १ सेंमी रुंदीच्या पट्ट्या नव्या ब्लेडने कापा. कात्रीने कड फाटते आणि पट्टी उगाच लवकर तुटते. १० सेंमी अंतरावर पेनाने दोन खुणा करा, सावकाश ओढा, तुटताना खुणांमध्ये किती अंतर होते ते पाहा. पाच-पाच पट्ट्या, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी. बागेतल्या पट्टीचे लांबणे (तुटतानाचे अंतर वजा मूळचे १० सेंमी) नव्याच्या निम्म्याखाली आले असेल तर ते आच्छादन पुढच्या पावसावर सोडू नका. विणलेले आच्छादन असेल तर पट्टीऐवजी सुटा धागा घ्या. तारेजवळचे नमुने वेगळे मोजा, निकाल तिथे आधी खराब येतो.

प्रश्न : डीएससीवर एकाच पीपीच्या डब्याचे दोन तुकडे टाकले, स्फटिकतेचे दोन वेगळे आकडे आले. यंत्र बिघडले का?
— प्रयोगशाळा प्रशिक्षणार्थी, सातपूर

बहुधा नाही. डीएससी हे यंत्र नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजते, आणि त्यावरून पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) साखळ्यांचा किती भाग नीट रचून बसला आहे, म्हणजे स्फटिकता, काढतात. डब्याची भिंत सालीला पटकन थंड होते, गाभ्याला सावकाश. साखळ्यांना नीट रचून बसायला गाभ्यात जास्त वेळ मिळतो. दोन्ही तुकडे एकाच जागेचे आणि पूर्ण जाडीचे घ्या. ५ ते १० मिग्रॅ, चपटा तुकडा, पॅनचा तळ सपाट. तळ वाकला की आलेखातले वितळण्याचे शिखर पसरते. मिनिटाला १० अंश वेगाने २०० अंशांपर्यंत तापवा, दोन-तीन मिनिटे थांबा, त्याच वेगाने थंड करा, पुन्हा तापवा. पहिली तापवणी डब्याचा इतिहास सांगते, दुसरी मालाचा स्वभाव. पूर्ण स्फटिक पीपीसाठी २०७ जूल प्रति ग्रॅम धरतात. तुमचे शिखर ९३ जूलचे असेल तर स्फटिकता ४५ टक्के. पीपीत टाल्क असेल तर आधी त्याचे वजन वजा करा, नाहीतर आकडा विनाकारण कमी दिसतो. दुसऱ्या तापवणीतही दोन तुकडे वेगळे आले तर मात्र वजनाचा काटा आणि इंडियमचे कॅलिब्रेशन तपासा : वितळणबिंदू १५६.६ अंश, उष्णता २८.५ जूल प्रति ग्रॅमच्या आसपास. अहवालात कोणत्या तापवणीचा आकडा दिला ते प्रत्येक वेळी लिहा.